फोटोतला उन्हाळी ब्लाउज

माझी मावशी कपड्यांच्या एका दुकानात मागच्या खोलीत बसून लोकांचे कपडे त्यांच्या अंगाबेताचे करून देते. कुणाची पँट लांब, कुणाची कंबर घट्ट. माणसं स्वतः सुटतात आणि खापर शिंप्यावर फोडतात, असं तिचं ठाम मत आहे. गिऱ्हाइकासमोर मात्र तोंडात टाचण्या धरून ती गप्प बसते. काका गेल्यापासून स्वतःसाठी तिने सुईत दोरासुद्धा ओवला नव्हता.

या उन्हाळ्यात तिने एकदम मनावर घेतलं. आजीचा तरुणपणीचा एक फोटो आहे. स्कर्टावर घातलेला पातळ ब्लाउज, फुगा बाह्या, गोल कॉलर, आणि काहीतरी उद्योग करून ठेवल्यासारखं हसू.

"मला अगदी हाच शिवायचाय," मावशी म्हणाली. "घर खायला उठतं गं. आपल्या माणसाचं काहीतरी अंगावर हवं."

सुट्टीच्या दिवशी मी मदतीला गेले. मदत म्हणजे चहा करणं आणि बोलणी खाणं. तिने फोटो डोळ्यांशी धरून वर्तमानपत्रावर बेत आखला, कापड बेतलं, बाहीच्या चुण्या मनासारख्या पडेपर्यंत उसवल्या. बटणांपाशी मात्र अडली.

"इथे डावी पट्टी वर आलीय. ही पुरुषांच्या शर्टाची रीत. बायकांची उजवी वर येते," ती म्हणाली. "मेल्याने फोटो उलटा छापलाय."

मग तिने फोटोवाल्याची चूक सुधारून टाकली. जन्मभर लोकांचे कपडे सुधारणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार?

ब्लाउज दृष्ट लागावी असा बसला. मावशी आरशासमोर उभी राहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"सगळं जिथल्या तिथे आहे," ती म्हणाली, "पण हा तो नाही."

संध्याकाळी माझी आई आली. ती मावशीची थोरली बहीण. मावशीचं फोटोवाल्याच्या नावाने बोटं मोडणं ऐकून तिला हसू आवरेना.

"अगं, उलटा कसला! बाबांचा शर्ट आहे तो. ते कामाला परगावी गेले आणि तिकडचेच झाले, निरोप नाही की काही नाही. आईने त्यांचा ठेवणीतला शर्ट घेतला, कापला आणि ब्लाउज शिवला. बटणपट्टी मुद्दाम तशीच ठेवली. म्हणाली, शर्टासाठी भांडायला तरी येतील."

"मग आले?" मी विचारलं.

"आले की. आणि चांगले भांडले. ही तेव्हा पाळण्यात होती, हिला काय आठवणार?"

मावशी हसली नाही. ती दाराआडच्या खुंटीकडे बघत होती. तिथे काकांचा निळ्या रेघांचा शर्ट अजून लटकतो. काका रोज सकाळी आतून ओरडायचे, "माझा शर्ट कुठे ठेवलास?" शर्ट नाकासमोर असायचा. "आधी डोळे कुठे ठेवलेत ते शोधा," मावशी स्वयंपाकघरातून म्हणायची. त्यांच्यामागे त्या शर्टाला हात लावायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नव्हती.

पुढच्या सुट्टीला गेले, तर शर्ट टेबलावर पसरलेला होता. मावशी कात्री हातात धरून नुसती बसली होती. तिला कवटाळावंसं वाटलं, पण हातात कात्री असलेल्या मावशीच्या वाटेला जाऊ नये, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी चहा ठेवला. कप घेऊन आले तेव्हा बाह्या सुट्या झाल्या होत्या. बटणपट्टीला तिने धक्काही लावला नाही.

दिवस मावळायच्या आत ब्लाउज तयार झाला. खांद्यात किंचित सैल होता, तो तिने तसाच राहू दिला. मी आत कप धूत होते. मावशी नवा ब्लाउज घालून त्या रिकाम्या खुंटीसमोर उभी होती.

"तुमचा शर्ट कापला मी," ती म्हणाली. "या आता भांडायला."

मी नळ बंद केला.