दोन्ही पावलांचा आवाज

लेकीचं पुढे कसं होणार, हा घोर आईच्या जिवाला लागून दोन वर्षं होत आली. कंपनीतली चांगली नोकरी सोडून पोरीने बुटांचं दुकान थाटलं. दुकान कसलं, जिन्याखालची खोली! ज्यांचा एक पाय आखूड, त्यांच्यासाठी ती बूट बनवायची. महिन्याला जेमतेम चार जोड. नातेवाइकांनी विचारलं, की आई सांगायची, "कंपनीतच आहे."

परवा तर आईने कहरच केला. लेकीच्या जुन्या साहेबांचा घरी फोन आला. जागा रिकामी होती, दोन दिवसांत उत्तर हवं होतं. लेकीला न विचारता आईने सांगून टाकलं, "येईल हो ती एक तारखेला. मी बोलते तिच्याशी."

तेच बोलायला आई आज दुकानात गेली. एक बाई नवे बूट घालून जिना चढत-उतरत होत्या. लेक भिंतीकडे तोंड करून नुसती ऐकत होती.

"डावा जड पडतोय, मावशी. काढा."

"अगं, तिसऱ्यांदा! आता काय नाचून दाखवू?"

"नाचलात तर आणखी नीट कळेल," म्हणत लेकीने सोल उसवलासुद्धा.

आई पुटपुटली, "अशाने चूल पेटेल का गं तुझी?"

"पेटते की. जरा मंद पेटते." लेक हसली. "दोन्ही पावलांचा आवाज सारखा आला, की माझं काम फत्ते. तिकडे सहा वर्षं राबले, पण असं कधी वाटलं नाही गं."

तासाभराने बाई पुन्हा जिना चढल्या. आता आईनेही कान दिला. टप, टप. एकसारखं. अर्ध्या जिन्यात बाईंनी कठड्यावरचा हात काढला, आणि साहेबांच्या फोनचं न सांगताच आई घरी निघाली.

घरी आली तरी घोर होताच. आजारपण, म्हातारपण, पोरीला कोण बघणार? तरी तिने साहेबांचा नंबर काढला. 'ती येणार नाही' म्हणून मोकळं व्हावं. पण बोट थबकलं. हेही पुन्हा लेकीला न विचारताच की!

लेक चिडेल. महिनाभर बोलणारही नाही कदाचित. पण साहेबांना काय सांगायचं, ते तिचं तिनेच ठरवायला हवं.

आईने लेकीचा नंबर लावला.