आईला न सांगितलेला शेवट

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतोय, तर मधेच अडखळलो तरी घाई करू नका.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो. लॅटिन मला ओ की ठो कळत नाही. पण जुन्या रोमन काव्यांची इंग्रजी पद्यातली भाषांतरं आयुष्यभर वाचत आलो. वर्गात मुलं जांभया द्यायची. मनापासून ऐकणारं एकच माणूस होतं — आई. अंथरुणाला खिळलेली, डोळ्यांनी दिसत नव्हतं. मी खाटेशी बसून इंग्रजी ओळी वाचायचो आणि मग आमच्या वऱ्हाडीत सांगायचो. इंग्रजी कशाला? अर्थ कळत नसला तरी तिला त्या ओळींचा ठेका आवडायचा. "आधी तुयं वाच, मंग मायं सांग," म्हणायची.

माझी धाकटी बहीण ललिता अचलपूरला असते. सकाळच्या एसटीत बसली तर जेवायला इथं पोचेल, इतकी जवळ. तिनं बौद्ध घरातल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा बाबांनी तिला घर बंद केलं. पुढे बाबा गेले. घर मी बंदच ठेवलं. का? माझ्या मुलीचं हिवरखेडला जुळत होतं. सोयरे काय म्हणतील — बस, एवढंच. आणि मी वर्गात समतेवर भाषणं ठोकणारा माणूस!

"ललीले आन रे एक डाव," आई रोज म्हणायची. मी रोज हो म्हणायचो.

त्याच दिवसांत धान्याच्या देवीची गोष्ट वाचायला घेतली होती. तिची मुलगी पाताळाच्या राजानं पळवलेली. देवी तिला शोधत रानोमाळ फिरते, शेतांवर रुसते, कुठं काही उगवू देत नाही. आईनं माझा हात धरला. "मंग? भेटली काय पोरगी?"

पुढच्याच पानावर ती मुलगी परत येते. वर्षातले काही महिने का होईना — येते. पण ते सांगितलं तर उद्या पुन्हा ललीचं नाव निघणार, नाही का?

नाही भेटली, मी म्हणालो.

आईचा जन्म शेतात गेलेला. लगेच म्हणाली, "मंग वावर पुन्हा पिकलं कसं?"

मी म्हटलं, ती माय थकली. तिनं पोरीचा नाद सोडला, कामाला लागली.

मग त्या पानावरच्या इंग्रजी ओळी मात्र मी खऱ्याच वाचल्या — मुलगी धावत येते, आई तिला मिठी मारते — सगळ्या, त्याच ठेक्यात. आई शांत पडून ऐकत राहिली. त्यानंतर तिनं ललीचं नाव काढलं नाही.

दिवाळीच्या आधी ती गेली. ललिता आली, मेल्या घरी यायला कोण अडवतं? खाटेजवळचं पुस्तक उचलून तिनं विचारलं, यात काय आहे? मी गोष्ट सांगितली. या वेळी खरी, शेवटासकट.

तिनं पुस्तक मांडीवर ठेवलं. "म्हंजे आईनं हे ऐकलं होतं," ती म्हणाली. "मंग मले कावून नाही बोलावलं, दादा?"

मी तिच्या मांडीवरचं पुस्तक उचलून कपाटात ठेवलं.

आईनं आपल्याला शेवटपर्यंत माफ केलं नाही, असं ललिता आजही धरून चालते. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. आई तिला रोज बोलावत होती.