वाकडी पावलं आणि माझं ‘नाही’

लेक जन्मली तेव्हा तिची दोन्ही पावलं आत वळलेली होती. लालबागच्या आमच्या चाळीत तासाभरात कारण ठरलं: ग्रहण. गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरायचं नाही, दुमडायचं नाही, सरळ पडून राहायचं. आणि माझ्या बायकोनं ऐन ग्रहणात संयुक्त महाराष्ट्राच्या सभेची पत्रकं दुमडली होती. ती मीच आणून दिली होती. “असल्या खुळचट समजुती सोड,” असंही ऐटीत म्हणालो होतो. आई तिला बोल लावू लागली तेव्हा ही ऐट कुठं गेली कोण जाणे.

परळच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, “ग्रहणाबिहणाचा काही संबंध नाही. हे कधीकधी रक्तातून येतं. तुमच्या घराण्यांत कुणाला होतं?”

बायको चटकन म्हणाली, “आमच्यात कुणाला नाही.” मग डॉक्टर माझ्याकडे वळले.

गावी माझे सख्खे काका होते. त्यांचं उजवं पाऊल अगदी असंच. त्याच्या बाहेरच्या कडेवर चालत. त्यांना मुंबईला कधी आणलं नव्हतं, आमच्या लग्नालासुद्धा नाही; बायकोनं त्यांना पाहिलंच नव्हतं. शेजारी उभी असलेली आई खाली बघू लागली. धाकट्या बहिणीला बघायला त्याच आठवड्यात दादरची मंडळी येणार होती.

मी म्हणालो, “नाही.”

मग काय, आईला जोरच चढला. घराण्यात कुणाला नाही म्हणजे ग्रहणच! बायकोलाही ते खरं वाटू लागलं. प्लास्टरमधल्या त्या पायांवर हात फिरवत ती लेकीची माफी मागायची, आणि मी पेपरात डोकं घालून बसायचो. लाज वाटायची, पण तोंड उघडण्याइतकी नाही.

बहिणीचं लग्न ठरलं. पुढे मे महिन्यात काका आजारी पडले म्हणून आम्ही गावी गेलो. पाया पडायला बायकोनं त्यांचं पांघरूण सारलं आणि ती तशीच वाकून राहिली.

मागच्या पडवीत तिनं मला गाठलं. “तुमका म्हायत होतां?”

“होय.” बहिणीच्या लग्नाचं कारण मी तयारच ठेवलं होतं.

“चाळीत नाय सांगलात, तां जाऊंदे. माका गप रवाक येणा नाय काय? पण माका एकटेक तरी सांगूक व्हयां होतां.”

तिला सांगावं, हे इतक्या महिन्यांत माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.