इंग्रज संगीतकाराची पाठ

वसंतराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. त्यांची मुलगी रेवा एवढंच म्हणाली, "मावशी, बाबा गेले... झोपेतच." इथं अमेरिकेतल्या श्रूजबरीत आमच्या शेजारी राहणारा हा माणूस इतकी वर्षं मला 'वहिनी' म्हणत आला आणि तितकीच वर्षं माझ्याशी वाद घालत आला. महिना होत आला, पण त्यांची आठवण काढताना मला रडू कमी आणि हसू जास्त येतं, त्याला माझा इलाज नाही. एका सिनेमात त्यांची पाठ एका इंग्रज माणसाची पाठ म्हणून अमर झाली आहे.

रेवा डॉक्टर होणार, हे वसंतरावांनी ती पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. कॉलेजात तिनं ते सोडून फिल्म हा विषय घेतला आणि घरात अबोला सुरू झाला. जेवताना मीठसुद्धा दोघं सुमतीमार्फत मागायची. बिचारी एकाची बायको आणि दुसरीची आई. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी रेवा एका जुन्या इंग्रज संगीतकाराच्या आयुष्यावर माहितीपट करत होती. फोटो होते, संगीत होतं, पण तो माणूस पाठमोरा फिरताना दाखवायला कुणी नव्हतं. हा गृहस्थ म्हणे हात पाठीमागे बांधून, मान खाली घालून, काहीतरी हरवल्यासारखा टेकड्यांवरून तासन्‌तास चालायचा आणि त्यातच त्याला सुरावटी सुचायच्या. नाटकात काम करणारी मुलं रेवानं चालवून पाहिली. "दे वॉक लाइक फुटबॉल प्लेयर्स, मावशी!" माझ्या स्वयंपाकघरात बसून ती कुरकुरत होती. मी खिडकीतून पाहिलं, तर वसंतराव टपाल आणायला निघाले होते... हात मागे, मान खाली.

"अगं, तो बघ तुझा इंग्रज चाललाय," मी म्हटलं.

विचारायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. "वहिनी, इंग्रजांनी दीडशे वर्षं आपल्याला राबवलं. आता त्यांच्या वाटचं चालायचंही मीच?" मी म्हटलं, "पोरीची डिग्री अडलीय." त्यांनी उठून कपाट उघडलं. मग म्हणाले, "कोट कुठला घालायचा?"

आठवडाभर त्यांनी त्या संगीतकाराच्या कॅसेट ऐकल्या. स्वतः तबला वाजवणारे, त्यामुळे तक्रार ठरलेली. "सम आली, आली म्हणून मी हात उचलतो, आणि हा आपला पुढं निघून जातो!" पण कॅसेट काही बंद करत नव्हते. शूटिंगच्या दिवशी जुन्या कपड्यांच्या दुकानातला लांब काळा कोट, हॅट, आणि सावळे हात दिसू नयेत म्हणून लोकरीचे हातमोजे! ऊन असं, की गडी घामानं निथळत होता. गावाबाहेरच्या टेकडीवर आमचे सांगलीचे वसंतराव इंग्लंडात असल्याच्या रुबाबात चालले, आणि सुमती न् मी गवतात बसून तोंडात पदराचा बोळा कोंबून हसलो.

फिल्म छान झाली. हा नट कुठून आणला, असं प्रोफेसरांनी विचारलं म्हणे. रेवा पुढे बॉस्टनला फिल्म एडिटर झाली. अबोला संपला, पण 'हे निवडलंस ते बरं केलंस' असं वसंतरावांच्या तोंडून कधी निघालं नाही. दिवसकार्य झाल्यावर रेवा तेच घेऊन बसली होती. "ही नेव्हर सेड इट, मावशी. एकदापण नाही."

गेल्या रविवारी तिनं घराच्या बेसमेंटमध्ये प्रोजेक्टर लावला. फिल्ममधून कापलेला एक तुकडा तिला सापडला होता, आवाज नसलेला. त्यात वसंतराव चालत लांब जातात, थांबतात आणि चक्क वळतात. डोक्यावर हॅट, घामेजलेला चेहरा आणि त्यावर शाळकरी पोरासारखं हसू... ते कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी विचारतात.

"काय म्हणतायत गं?" सुमतीनं विचारलं.

रेवा हसायला लागली, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"ते म्हणाले, 'अजून एकदा चालू का?' मी म्हटलं, नको बाबा, मस्त झालंय... पण ही डिड नॉट लिसन."

पडद्यावर वसंतरावांनी हॅट सारखी केली, हात मागे बांधले आणि पुन्हा चालायला लागले.