हळद बशीतली, डोळ्यातली नाही

कापसाचं सगळंच बिनसलेली ती वर्षं. बाबा दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. जिन कधी बंद, कधी सुरू. पण सुरू असली की आत रुईचे तंतू भिरभिरत आणि बाबांचे डोळे लाल होत. गॉगल घाला म्हटलं तर म्हणायचे, "घामानं काच भरते. मंग मशीन दिसन का मले?"

मी तेव्हा नागपूरला संशोधन करत होते. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या, त्यांना मुद्दाम दाह होऊ द्यायचा आणि हळदीतून वेगळं काढलेलं द्रव्य घातल्यावर तो किती उतरतो ते बघायचं. तो उतरत होता. दिवाळीला घरी आले तेव्हा जेवताना बाबांनी विचारलं, म्हणून हे सगळं सांगितलं. बशीतल्या पेशी, बशीतल्या, असं पुन्हा पुन्हा बजावलंही.

सकाळी बघते तर बाबा मोरीपाशी बसलेले. एक डोळा गच्च मिटलेला, गालावरून पिवळं पाणी वाहतंय.

"हे काय केलंत?"

"तूच त सांगतलं, हळदीनं सूज उतरते म्हून."

"बशीत उतरते, बाबा! बशीत!"

"मंग बशीत काय बकरीचे डोळे होते?"

माझा नुसता संताप झाला. तांब्यामागून तांब्या पाणी ओतून डोळा धुतला आणि त्यांना घेऊन यवतमाळची एसटी पकडली. तिथंही गप्प बसतील तर शपथ. शेजारच्या माणसाला म्हणाले, "माह्या पोरीनं डोळ्याचं औषध शोधलं, हळदीचं."

"मी काहीही शोधलेलं नाही," मी म्हटलं. त्यानं कौतुकानं मान डोलावली आणि आईच्या मोतीबिंदूला किती हळद लागेल ते विचारलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पापणी उलटवली. आत सरकीचं टरफल रुतलं होतं. ते चिमट्यानं काढत त्या म्हणाल्या, "बुबुळावर ओरखडे पडलेत. थोडक्यात वाचलात. हळद घालायला कोणी सांगितलं?"

बाबांनी बोट माझ्याकडे केलं. मी बशीपासून सांगायला सुरुवात केली, तर बाईंनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

डॉक्टरच्या थेंबांनी डोळा निवळला. श्रेय मात्र हळदीला! बाबा पुन्हा कामावर जाऊन आले त्याच संध्याकाळी जिनमधली एक बाई दारात उभी. एक डोळा सुजलेला. "किती टाकाची, ताई?"

मी बाबांवर कडाडले, "टरफल कोणी काढलं ते सांगा यांना!"

बाबा दाराची कडी चाळवू लागले. मग म्हणाले, "डाक्टरनं काढलं. हळद टाकली तवा अशी आग झालती का जीव जाते का काय वाटलं. टाकू नको, माय."

आग झाल्याचं माझ्याजवळ ते एका शब्दानं बोलले नव्हते.

बाई माझ्याकडे वळली. "मंग ताई, तुम्ही हळदीचं कायले शिकून राह्यल्या?"

मी पुन्हा बशीपासून सुरू केलं. सुजल्या डोळ्यावर पदर दाबून ती निमूट ऐकत होती. डोळ्यातून पाणी गळत होतं. मध्येच मी थांबले, चपला घातल्या आणि तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.