दम सोडायला विसरणाऱ्या मॅडम

"दम धरा. सोडू नका. सोडला की गेल्या तुमी." आमच्या योगाच्या मॅडम रोज सकाळी हे सांगायच्या, आणि पुढचं 'आता सोडा' म्हणायचं विसरायच्या.

आम्ही दहा-बारा बाया समाजमंदिराच्या फरशीवर गाल फुगवून बसलेल्या. शेवटी कुणीतरी फसकन हसायची आणि सगळ्यांचाच श्वास सुटायचा. मी एकदा म्हटलं, "मॅडम, मारता का आमाले?"

"सवय हाय मावशी. कबड्डीत चढाईले गेलं आन् दम तुटला, की बाद."

कबड्डी! पंधरा वर्षं त्या आमच्याच गल्लीत सून होत्या आणि मला हे ठाऊक नव्हतं. तुमचंही तसंच असेल. शेजारची सून भाकरी कशी थापते ते आपल्याला ठाऊक, बाकी काही नाही.

मग एकदा माझ्या ओट्यावर तूर निवडता निवडता त्यांनी सांगितलं. राज्याच्या संघात त्यांचं नाव लागलं, त्याच आठवड्यात पाहुणे बघायला आले. गुडघे सरावात फुटलेले. सासू म्हणाली, चालून दाखव. या चालल्या. ठणकत होतं तरी ताठ चालल्या.

"लंगडली असती तर सुटली असती," मी म्हटलं.

"तवा सुचलं नाही मावशी."

संघ तिकडे गेला, या इकडे आल्या. पोरगी झाल्यावर वाशिमला जाऊन-येऊन शिकल्या. आम्हाला वाटलं, मास्तरीण होते आहे. ते शिक्षण खेळाचं होतं. पण खेळाच्या शिक्षकाची जागा काही निघाली नाही. मग योगाचा कोर्स केला, आणि दवाखान्याच्या उपकेंद्राने सकाळचा वर्ग दिला.

मी चौथी शिकलेली. मला त्या आसनांची नावं कधी पाठ झाली नाहीत. शवासन तेवढं आठवतं, कारण ते मॅडमना फार छान जमायचं. आम्हाला सांगता सांगता त्या आमच्याआधी झोपायच्या. आम्ही उठवत नसू. त्यांच्या सासूला लकवा झालेला. पाठीला जखम होऊ नये म्हणून रात्रीसुद्धा दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे, आणि म्हातारी दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू देत नसे. पोटच्या पोरालाही नाही.

यंदा त्यांची पोरगी क्रीडा वसतिगृहासाठी निवडली गेली. बारा वर्षांची पोर, आणि गाव लांब. नवरा म्हणाला, एकटी पाठवणार नाही. तिथे मुलींना सांभाळायला आणि योग शिकवायला एक बाई हवी होती. मॅडमना या म्हणत होते. नवरा म्हणाला, "मंग मायले कोन पाहील?"

महिनाभर वर्गात दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे जा, कुणी म्हणे म्हातारीचे हाल होतील. मॅडम ऐकायच्या आणि हात वर करा म्हणायच्या. पोरीला हजर करायला चार दिवस उरले तेव्हा माझे कान किटले. मी म्हटलं, "जा वं बाई. तुह्या सासूले मी पाहतो."

मला दया वगैरे आली नव्हती. पण तोंडातून गेलं ते गेलं.

त्या गेल्या. वर्ग बंद पडला. समाजमंदिराला कुलूप आहे. मी दिवसातून सात-आठ वेळा म्हातारीकडे जाते. माझेच गुडघे धड नाहीत. पहिल्या दिवशी तिने मला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तिचा हात हलका होता."

"मंग तिले बलावतो."

तिने पदर तोंडावर ओढला.

गेल्या आठवड्यात मॅडमचा फोन आला, तेव्हा मी म्हातारीपाशीच होते. "मावशी, पोरगी रोज रडून राह्यली. आत्याबाई कशा हायेत? येऊ का परत?"

म्हातारीच्या पाठीला आदल्याच दिवशी जखम झाली होती. रुपयाएवढी, लाल. मी ती पुसतच होते.

"बऱ्या हायेत," मी म्हटलं. "येऊ नको. रडंल आन् राहील." आणि फोन ठेवला.

म्हातारी माझ्याकडे बघत होती. तिचं तोंड वाकडं झालंय, त्यामुळे रागावली की काय ते कळत नाही.

"खोटं बोलली तू," ती म्हणाली.

"हो. वळा तिकडं."

मी हात लावायच्या आधी तिने चांगल्या हाताने खाटेची कड धरली आणि स्वतःच वळायला लागली. अर्धीच वळली. बराच वेळ लागला. उरलेली मी वळवली.