खुंटीवरची नळी

नम्रता घरोघरी फिरून लोकांचा श्वास सांभाळते. श्वसनथेरपिस्ट हा तिचा हुद्दा, पण लालबाग-परळच्या चाळींच्या जिभेला तो कुठला झेपायला! तिला सगळे ऑक्सिजनवाली म्हणतात. हॉस्पिटलातून घरी आलेल्या पेशंटचं मशीन नीट चालतंय का, नळी स्वच्छ आहे का, माणूस दम कसा घेतोय, हे बघून ती डॉक्टरांना कळवते. तिच्या शब्दावर डॉक्टर पुढचं ठरवतात, तेव्हा हे काही खायचं काम नाही.

आणि बाई कडक. कुठल्याही घरी गेली की आधी पेशंटच्या कानामागे बघणार. दिवसाचे सोळा तास नाकाला नळी लावणाऱ्याच्या कानामागे वळ उठतोच. तोंडानं माणूस वाट्टेल ते सांगेल, कान कशाला खोटं बोलतील?

फक्त करी रोडच्या गुणाजी अप्पांच्या कानामागे तिनं कधी बघितलं नाही.

कसं बघणार? अप्पा मिलमधले जुने साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, छातीत कापसाची धूळ भरून बसलेली. नम्रता त्यांच्याच चाळीत वाढली. तिच्या खोलीत आठ माणसं, म्हणून दहावीचा अभ्यास तिनं अप्पांच्या खोलीत बसून केला. निकालाच्या दिवशी अख्ख्या मजल्याला पेढे वाटले ते अप्पांनी, तिच्या सख्ख्या बापानं नव्हे. आता अशा माणसाचे कान तपासायचे?

त्यांच्याकडे ती नुसता मशीनवरचा आकडा बघायची. मशीन किती तास चाललं ते त्यावर दिसतं. दर मंगळवारी बघावं तर रोजचे सोळा तास भरलेले. "शाब्बास अप्पा!" म्हणायची, अप्पांच्या बायकोच्या, कांताकाकीच्या हातचा चहा प्यायची आणि रिपोर्ट लिहायची.

पण अप्पांचा ऑक्सिजन काही चढेना. डॉक्टरांनी विचारलं, "नळी नक्की लावतात ना?"

"सर, त्यांची खात्री मी देते," नम्रता म्हणाली. मग डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, मशीनचा जोर वाढवू.

त्या मंगळवारी ती नेहमीपेक्षा दोन तास आधीच पोचली. खोलीत मशीन घरघरत होतं आणि नळी खुंटीवर, अप्पांच्या टोपीशेजारी, भिंतीला ऑक्सिजन देत लटकलेली. अप्पा गॅलरीच्या टोकाला पत्ते कुटत होते.

"मी सांगलंय गो त्यांका," काकी कसनुशी होऊन म्हणाली, "आयकतत खंय!"

अप्पा धापा टाकत आत आले. नम्रतानं त्यांचा कान पुढं वळवला. मागची कातडी एकदम गुळगुळीत.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." अप्पा ओशाळं हसले. "साच्यावर पण असंच करायचो गं. सुताशिवाय रिकामा धोटा फिरला तरी साच्याचं मोजणीचं घड्याळ पुढं जातंच. नळी लावून बसलो की लोक मेलेल्याकडं बघावं तसं बघतात माझ्याकडे."

"अहो, मी आज जोर वाढवायला आले होते!" नम्रताचा आवाज चढला. "तुमच्या छातीला जास्त ऑक्सिजन सोसत नाही. कधी दम लागला म्हणून तो वाढवलेला लावला असतात, तर झोपेतच गेला असतात. आणि तेही माझ्या सहीनं!"

अप्पांनी मान खाली घातली. "आकडा बघून तू किती खूश व्हायचीस. म्हटलं, पोरीचं मन कशाला मोडा."

हे ऐकून मात्र तिच्या अंगाची लाही झाली. म्हणजे शाब्बास म्हणून ती चहा पीत होती तेव्हा हा माणूस समोर बसून तिला मजेत बनवत होता, आणि वर तिच्यावरच उपकार!

"माझ्या भरवशावर रिकामा साचा चालवलात, अप्पा."

जोर तिनं वाढवला नाही. नळी खुंटीवरून काढली, पुसली, त्यांच्या नाकाला लावली, कानामागून नीट घेतली. डॉक्टरांना फोन करून चूक माझी म्हणून सांगितलं. काकीनं पुढं केलेला चहा मात्र घेतला नाही.

ती चप्पल घालत होती तेव्हा अप्पांनी विचारलं, "मंगळवारी येशील ना गं?"

"नाही. प्रिती येईल, माझ्यासारखीच ऑक्सिजनवाली आहे. तिला तुम्ही कोणी लागत नाही, अप्पा. ती आधी कानामागे बघेल."